जुन्या ॲम्बेसेडरच्या इंजिनाला नवे सेन्सर बसवताना

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली १९८५ ची ॲम्बेसेडर घरात आहे. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन नुकतंच रीबोअर केलंय, म्हणजे झिजलेले सिलिंडर नव्याने कोरून घेतलेत. एसयू कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा) आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा) जसाच्या तसा आहे. आता तिला टेम्परेचर, ऑइल प्रेशर, क्रँक (इंजिनाच्या मुख्य दांड्याची फेरी), मॅप (मॅनिफोल्ड या हवेच्या पाइपमधला दाब), लॅम्बडा (धुरातला ऑक्सिजन) असे सगळे सेन्सर बसवायचे आहेत आणि जमलं तर पुढे इंजेक्शनही करायचंय. एक मिस्त्री म्हणतो "हात लावू नका, आहे ते बरंय", तर दुसरा म्हणतो "अल्टोचं अख्खं वायरिंग टाकू, झंझट संपली". कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. अल्टो ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं. त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, त्याच्याच क्रँकचे दात मोजायला आणि त्याच्याच पेट्रोलच्या हिशोबाला बांधलेला असतो, तो चार सिलिंडरवर बसवून काहीही साधत नाही. तिथले सुटे सेन्सर मात्र कामाचे आहेत आणि स्वस्तात मिळतात, ते खुशाल घ्या. पहिल्या मिस्त्रीचं म्हणाल, तर नुकतंच रीबोअर केलेल्या इंजिनाला ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर कळणं जितकं आत्ता गरजेचं आहे तितकं पुढे कधीच नसेल.

माझा क्रम असा: सेन्सर आधी नुसते बघायला बसवा. गाडी आहे तशीच, कार्बोरेटर आणि पॉइंटवर, चालू द्या आणि आकडे नोंदवा. त्यानंतर इग्निशन ईसीयूकडे द्या. इंजेक्शन सगळ्यात शेवटी, आणि या इंजिनाला ते करूच नये असं माझं मत आहे. त्याचं कारण हेडमध्ये आहे.

हे इंजिन बीएमसी या जुन्या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. हेडला इनटेकची (हवा आत घेणारी) दोनच पोर्ट आहेत: १ आणि २ नंबरला मिळून एक, ३ आणि ४ ला मिळून दुसरं. एक्झॉस्टची तीन, त्यात मधलं पोर्ट २ आणि ३ चं सामाईक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ नंबरने हवा ओढली की लगेच पुढच्या १८० अंशांत त्याच पोर्टमधून १ नंबर ओढतो, आणि ३ च्या पाठोपाठ ४. त्यानंतर पूर्ण एक फेरी ते पोर्ट रिकामं बसून राहतं. कार्बोरेटरला याने फारसा फरक पडत नाही, कारण हवेबरोबर पेट्रोल आधीच मिसळून येतं. पण पोर्टमध्ये इंजेक्टर लावून साध्या पद्धतीने फवारलं, की रिकाम्या वेळात साचलेलं पेट्रोल आधी ओढणारे आतले दोन सिलिंडर घेऊन जातात आणि बाहेरचे दोन लीन (पेट्रोल कमी) राहतात. सायलेन्सरमधला लॅम्बडा सेन्सर सरासरी बघतो आणि "सगळं झकास" म्हणतो. इकडे २ आणि ३ चे प्लग काळे, १ आणि ४ चे पांढरे. यावर इलाज आहेत. कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) लावून प्रत्येक फवाऱ्याची वेळ मोजूनमापून साधता येते, किंवा कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी बसवून तिथेच इंजेक्टर देता येतो. पण तिथवर जाण्याइतकी गरज १४८९ सीसीच्या घरगुती गाडीला नाही. एसयू नीट लावलेला असेल तर तो ही गाडी उत्तम चालवतो.

आता एकेक सेन्सर. सुरुवात ऑइल प्रेशरपासून.

तीन वायरींचा, ० ते १० बार मोजणारा सेन्सर घ्या. पाच व्होल्ट दिले की शून्य दाबाला अर्धा व्होल्ट आणि दहा बारला साडेचार व्होल्ट असं सरळ रेषेत आउटपुट देतो. गरम इंजिन रस्त्यावर ४० ते ६० पीएसआय दाखवेल, म्हणजे साडेतीन बारच्या आसपास, सेन्सरवर साधारण १.९ व्होल्ट. इथे हटकून होणारी चूक आट्यांची. ब्रिटिश ब्लॉकला बहुधा बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात, बाजारातले बरेच सेन्सर एनपीटीचे (अमेरिकन मापाचे) येतात. १/८ च्या मापात बीएसपीला इंचाला २८ आटे, एनपीटीला २७. हाताने दोन-तीन आटे अगदी गोड बसतात, मग पाना लावला की ब्लॉकचे आटे फाटतात. बसतंय म्हणून बसवू नका. पिच गेज लावून बघा आणि टर्नरकडून अडॅप्टर करून घ्या. दुसरी गोष्ट, पितळी टीवर (टी आकाराच्या जोडावर) जुना बल्ब (गाडीचा मूळ सेन्सर), वर नवा सेन्सर, वर आणखी अडॅप्टर असा मनोरा करू नका. या इंजिनाचं व्हायब्रेशन असं आहे की एक दिवस पितळ मानेत तुटतं आणि पंप सगळं ऑइल रस्त्यावर ओततो. प्रेशर पाइप घालून टी बॉनेटखालच्या बॉडीच्या भिंतीला बांधा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र तसाच चालू ठेवा. कितीही इलेक्ट्रॉनिक्स आलं तरी तो दिवा काढायचा नाही.

टेम्परेचरचा सेन्सर सोपा वाटतो, आणि मराठवाड्यात सगळ्यात जास्त फसवतो तोच. सेन्सर म्हणजे गरम झाल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहम आणि १०० अंशांना १८६ ओहमच्या जवळपास असतो. एम १२ × १.५ चे आटे, दोन वायरी. जुन्या मीटरच्या एका वायरीच्या बल्बवरून ईसीयूला सिग्नल द्यायचा प्रयत्न करू नका. तो बल्ब मीटरपुरताच, बॉडीच्या अर्थिंगवर चालणारा. थर्मोस्टॅटच्या (गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) झाकणाखाली बारा-पंधरा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती बसवून त्यात आडवं छिद्र पाडलं की हेडला ड्रिल लावायची वेळ येत नाही. पण चकती थर्मोस्टॅटच्या खालच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला हवी. वरच्या बाजूला लावली तर थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत सेन्सर थंड पाण्यात बसतो आणि हेड तापलेलं त्याला कळतच नाही.

तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे आधी बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला उपाय थर्मोस्टॅट काढून फेकायचा. नांदेडकडची एक ॲम्बेसेडर माझ्याकडे आली होती, ईसीयू बसवलेली. "ॲव्हरेज देत नाही, काळा धूर मारते" अशी तक्रार. लॅपटॉप लावून हिवाळ्याच्या सकाळी हायवेला नेली, तर पाणी ५५-६० अंशांच्या वर जायलाच तयार नाही. ईसीयूच्या हिशोबाने इंजिन अजून थंड, म्हणून तो चोकसारखं जास्तीचं पेट्रोल देत राहिला. थर्मोस्टॅट बसवल्यावर धूर बंद. सेन्सर खरंच बोलत होता, पण मालकाने तीन मेकॅनिकांकडून सेन्सरच बदलून घेतला होता.

दुसरं, बोअरचं पाणी. आपल्या भागातलं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं. रीबोअर करताना ब्लॉकच्या जॅकेटमधला थर खरवडून काढला असेल तर उत्तम, नसेल तर आधी तो काढून घ्या. सेन्सरच्या टोकावर पांढरा खडूसारखा थर बसला की तो तापमान उशिरा सांगतो, आणि तापलेल्या इंजिनात तो उशीर महागात पडतो. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट, एवढंच घाला.

सेन्सर बसवण्याआधी घरच्या घरी तपासा. भांड्यात पाणी, त्यात सेन्सर आणि स्वयंपाकघरातला नव्हे तर भरवशाचा थर्मामीटर, वायरींना मल्टिमीटर. गार पाण्यात, साठ अंशांना आणि उकळताना असे तीन रोध टिपा आणि तेच सॉफ्टवेअरमध्ये भरा. आपण समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटरवर आहोत, त्यामुळे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर तो खोटा नाही. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखं स्वतः जोडायचं ईसीयू घेणार असाल तर हेच तीन आकडे त्याला लागतात. भंगारातून घेतलेल्या सेन्सरचं कोष्टक इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा हे काम लवकर होतं.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कार्बोरेटरवर फक्त नोंदीसाठी लागतो, तरी बसवा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना सिग्नलला थांबलं की बॉनेटखाली हवा ६० च्या वर जाते. २० अंशांच्या हवेपेक्षा ६० अंशांची हवा साधारण १२ टक्के विरळ. या हेडला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून. तेव्हा एअर क्लीनरची नळी ग्रिलपर्यंत पुढे आणली तर काय फरक पडतो ते आकड्यांत दिसेल. हा बदल फुकटात होतो आणि उन्हाळ्यात जाणवतो.

मॅप सेन्सर एक बारचा पुरे. बटरफ्लायच्या (कार्बोरेटरमधल्या हवेच्या पडद्याच्या) खाली मॅनिफोल्डमधून नळी घ्या आणि सेन्सर तोंडापेक्षा वर बसवा, नाहीतर नळीत पेट्रोल साचतं. सामाईक पोर्टमुळे दाब सारखा उड्या मारतो, त्यासाठी नळीत एक मिलिमीटर छिद्राचा अडसर घाला. चावी ऑन करून इंजिन बंद असताना माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवेत, मुंबईत १०१ दिसतात. कोणी तुम्हाला "१०१ येत नाही म्हणजे सेन्सर खराब" म्हणालं तर सोडून द्या. लातूरची उंचीही थोड्याफार फरकाने इथल्यासारखीच.

लॅम्बडा घेणार असाल तर वाइडबँडच घ्या, बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर. जुना नॅरोबँड ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे फक्त "रिच" की "लीन" एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. एम १८ × १.५ चा बॉस (सेन्सरसाठी आट्यांची बसणी) एक्झॉस्टच्या तिन्ही शाखा एकत्र झाल्यानंतरच्या पाइपवर वेल्ड करा. सेन्सर आडव्यापेक्षा निदान दहा अंश वर कलता ठेवा, म्हणजे थंडीत पाइपमध्ये साचलेलं पाणी त्याच्या अंगावर येत नाही. तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की सेन्सर तडकतो, म्हणून हीटरला करंट इंजिन सुरू झाल्यावरच मिळायला हवा. आणि एकदा बसवला की वायर काढून तसाच ठेवू नका. हीटर बंद असलेला सेन्सर काजळीने मरतो. लॅम्बडा नको असेल त्या दिवसांत काढा आणि बॉसला बूच मारा. सायलेन्सरच्या जोडांना साधं सिलिकॉन चोपडू नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो.

आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि मीटर लीन दाखवतं, प्रत्यक्षात प्लग ओला असतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल तरी तेच. आणि मीटर हवा-पेट्रोल गुणोत्तरावर न ठेवता लॅम्बडावर ठेवा. शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे गणित आता पंपावरच्या पेट्रोलला लागू पडत नाही. २० टक्के इथेनॉल असलं की ते साडेतेराच्या आसपास येतं. लॅम्बडा १ (हवा आणि पेट्रोल बरोबर जुळलेलं) मात्र १ च राहतो. माझा अंदाज आहे की पहिल्याच दिवशी तुमचा एसयू लीन निघेल, कारण त्याची नीडल (पेट्रोल मोजणारी सुई) इथेनॉल नसलेल्या काळातली आहे. जेटचा नट थोडा रिचकडे फिरवा, पुरलं नाही तर नीडल बदला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही त्याच दिवशी इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या.

नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याचा आवाज ऐकणारा)? नको. ७३ मिलिमीटर बोअरचा नॉकिंगचा आवाज साधारण ७.८ किलोहर्ट्झला येतो हे गणिताने काढता येतं, पण याच्या टॅपेटची आणि टायमिंग चेनची खडखड त्यातच मिसळते. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तुमचे कान पुरेत.

आता क्रँक सेन्सर. खरं कौशल्य इथे लागतं, म्हणून जरा थांबतो.

डिस्ट्रिब्यूटरचा बुश झिजला की शाफ्ट डुलतो आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) एका फेरीत एक तर दुसऱ्या फेरीत वेगळं पडतं. टायमिंग लाइट मारा: पुलीवरची खूण एका जागी न राहता थरथरताना दिसली की समजा. क्रँकवरून टायमिंग घेतलं की हा दोष मुळातच जातो. पुढच्या पुलीला ३६ दातांचं, एक दात गाळलेलं चाक लावा. साठ दातांचं नको. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या चाकावर ३६ दात केले तर दर १३ मिलिमीटरला एक दात येतो, ६० केले तर आठच्याही आत, आणि जुन्या पद्धतीच्या चुंबकी सेन्सरला ती गर्दी झेपत नाही. तीन-चार मिलिमीटर माइल्ड स्टीलच्या पत्र्यातून लेझरने कापून घ्या. इथल्या वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात ड्रॉइंग दिलं की दोन चाकं एका दिवसात मिळतात, लातूरला नाही जमलं तर इकडून मागवा. चाक पुलीवर बसल्यावर डायल गेज लावून फिरवा. काटा ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर परत लेथवर.

सेन्सरचा ब्रॅकेट टायमिंग कव्हरवर कधीही लावू नका. तो दाबलेला पत्रा आहे, रेस वाढली की स्वतःच थरथरतो. त्याच्या मागे जाड पोलादी फ्रंट प्लेट आहे, तिच्या बोल्टवरून पाच-सहा मिलिमीटर जाड ब्रॅकेट काढा. गॅप ०.८ ते १ मिलिमीटर, फिलर गेज घालून सगळ्या दातांना तपासा. सेन्सर दातांच्या टोकासमोर हवा, चाकाच्या बाजूने नको. क्लच दाबला की क्रँक पुढे सरकतो, आणि थ्रस्ट वॉशर झिजलेले असतील तर चांगलाच सरकतो. बाजूने लावलेल्या सेन्सरचा गॅप त्याने बदलतो आणि गाडी सिग्नलला क्लच दाबताच बंद पडते. असली गाडी शोधता शोधता माणूस वेडा होतो.

चुंबकी सेन्सरच्या दोन वायरींना दिशा असते. उलट्या जोडल्या तरी गाडी सुरू होते, तिथेच फसगत होते. तपासायची रीत सोपी. टॉप डेड सेंटर (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) पुलीच्या जुन्या खुणेवर न घेता प्लगच्या भोकातून स्टॉपर घालून, इंजिन हाताने दोन्ही बाजूंना फिरवून, मध्य काढून पक्कं करा. मग सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कायम करा. आयडलला लाइट मारून खूण १० वर आणा आणि रेस ३००० पर्यंत न्या. खूण जागची हलली नाही तर ठीक. रेसबरोबर सरकत गेली तर वायरी उलट्या आहेत, अदलाबदल करा. चुंबकीऐवजी हॉल (इलेक्ट्रॉनिक) सेन्सर लावला तर हा घोळ होत नाही आणि सेल्फ मारताना, बॅटरी मंद असतानाही पूर्ण सिग्नल मिळतो. पैसे थोडे जास्त गेले तरी मी आता तोच सुचवतो. इग्निशनसाठी कॅम सेन्सर लागत नाही. १-४ आणि २-३ अशा जोड्यांत ठिणगी देणारा कॉइल पॅक पुरतो.

हे सगळं करून आकडे नाचत असतील तर दोष सेन्सरचा नाही, अर्थिंगचा आहे. प्रत्येक सेन्सरची निगेटिव्ह वायर थेट ईसीयूच्या सेन्सर अर्थला न्या, जवळच्या नटाला नाही. ईसीयूची अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच ठिकाणी, रंग खरवडून. तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी काढा, रेझिस्टन्सच्या घाला, प्लगही ‘आर’ (रेझिस्टर) असलेले घ्या. एनजीकेच्या बीपी६ईएसऐवजी बीपीआर६ईएस. क्रँकची वायर शील्डेड, आणि प्लग वायरींपासून लांबून. डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर करा. आयडलला मंदावणाऱ्या डायनॅमोवर ईसीयू आणि लॅम्बडाचा हीटर धड चालत नाहीत. गाडी बरेच दिवस गोठ्याच्या बाजूच्या शेडमध्ये उभी असते असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सगळ्या वायरी जाळीच्या कवचातून न्या. उंदरांना सेन्सरचं इन्सुलेशन फार आवडतं.

कागदपत्रांचं बोलायचं तर, सेन्सर आणि इग्निशन बदलल्याने आरसीवरचा इंजिन नंबर, सीसी किंवा इंधन बदलत नाही. इंजिनच बदललं किंवा सीएनजी किट लावलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात लागते. तुमची त्या वयाची व्हायला २०३५ उजाडेल. तोवर ब्लॉकला किंवा हेडला एकही नवं छिद्र पाडू नका, सगळं नट-बोल्टवर ठेवा. डिस्ट्रिब्यूटर जागेवरच राहू द्या, पॉइंट-कंडेन्सर आणि जुनी कॉइल डिकीत. औशाच्या रस्त्यावर रात्री ईसीयूने मान टाकली तर त्यावर गाडी घरी येते.

सध्या ऑइल प्रेशर, पाणी, हवा आणि मॅप एवढेच चार बसवा, पॉइंटवरच गाडी चालवा. लॅम्बडा रनिंग-इन (रीबोअरनंतर जपून चालवण्याचा काळ) संपल्यावर, नव्या रिंगा बसेपर्यंत जळणारं ऑइल त्याच्या अंगावर नको. महिनाभराची नोंद पाठवा. त्यात दुपारी तीनला ट्रॅफिकमध्ये थांबलेली गाडी आणि सकाळची थंड सुरुवात, दोन्ही असू द्या. सोबत टायमिंग लाइटखाली पुलीच्या खुणेचा व्हिडिओ आणि पुलीचं माप. ते बघून क्रँकच्या चाकाचं ड्रॉइंग करून देतो.